शंभर दाती ब्लेडचं खूळ

नाशिकमध्ये टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून वर डोकावणाऱ्या गोल करवतीचं, ब्लेड घ्यायला कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा. पहिला प्रश्न येतो "किती इंची?" आणि दुसरा "किती दाती?" "काय कापायचंय?" हा तिसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. चाळीस म्हणालात की दुकानदार साठ पुढे करतो, साठ म्हणालात की ऐंशी. "शंभर दाती न्या ना साहेब, फिनिशिंग एक नंबर येतं." जितके दात जास्त तितकं ब्लेड भारी, हा समज इतका मुरलाय की सागाची दीड इंची फळी उभी चिरायलाही लोक शंभर दाती ब्लेड चढवतात. मग चिरेच्या कडा काळ्या पडतात, धूर निघतो, मोटर कण्हायला लागते आणि ठपका बसतो लाकडावर. "ओलं असणार."

बहुतेक वेळा लाकूड चांगलं वाळलेलं असतं. चूक असते दातांच्या हिशेबात. हा हिशेब समजला की कॉम्बिनेशन ब्लेड नावाची, उभं चिरणं आणि आडवं तोडणं दोन्ही करणारी चीज का जन्माला आली आणि ती घेताना काय बघायचं, हे आपोआप कळतं.

लाकूड हा तसा एक पदार्थ नाहीच. शाळेत आपण पेशीभित्तिका, सेल्युलोज आणि लिग्निन शिकलो. सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या खोडाच्या दिशेने रचलेल्या असतात आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवायचं काम मुख्यतः लिग्निन करतं. साखळी तोडणं फार अवघड, पण दोन साखळ्यांमधली पकड सोडवणं सोपं. खराट्याचे हीर एकेक करून उपसता येतात, पण अख्खा खराटा आडवा मोडून दाखवा! लाकडाची रेषेच्या, म्हणजे तंतू धावतात त्या, दिशेतली ताण सोसायची ताकद आडव्या दिशेपेक्षा वीसपटीहून जास्त भरते. सरपण फोडणारा माणूस ओंडका उभा ठेवून कुऱ्हाड घालतो, तो याच कारणाने.

म्हणून करवतीची कामंही दोन. फळी रेषेच्या दिशेने लांबीत चिरणं, म्हणजे उभी चीर. आणि रेषेला काटकोनात तोडणं, म्हणजे आडवा काप. यंत्र तेच, लाकूड तेच, पण दाताच्या दृष्टीने ही दोन वेगळी विश्वं आहेत.

इथून पुढे जरा खोलात जातो, कारण या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट इथे आहे.

दात लाकडात घुसतो तेव्हा तो फक्त कापत नाही. तो ढकलतो, उचलतो, चेपतो. धारेच्या पुढे लाकडावर ताण साठतो आणि एका क्षणी लाकूड स्वतःच फाटतं, बऱ्याचदा धार तिथे पोचण्याच्या आधी. नॉर्मन फ्रान्झ या अमेरिकन संशोधकाने १९५८ मध्ये ढलपी नेमकी कशी सुटते, याचे तीन प्रकार मांडले. ते मुळात रंध्यासारख्या, रेषेच्या दिशेने होणाऱ्या कापासाठी आहेत. पहिल्या प्रकारात हत्यार ढलपीला वर उचलतं, पुढे लाकूड फुटत जातं, मग ढलपी वाकून तुटते. दुसऱ्यात धारेपाशीच लाकूड तिरकस सरकतं आणि ढलपी अखंड, गोल गुंडाळी होऊन येते. रंध्यातून निघणारी सुंदर सालपटं ती हीच. तिसऱ्यात हत्यार बोथट किंवा पुरेसं झुकलेलं नसतं, त्यामुळे लाकूड पुढे चेंगरतं आणि मागे केसाळ, लवलवीत पृष्ठभाग उरतो. कुठला प्रकार घडेल हे दाताच्या पुढच्या झुकावावर, ढलपीच्या जाडीवर आणि लाकडाच्या ओलेपणावर ठरतं. या झुकावाला हूक अँगल म्हणतात.

आता खरा प्रश्न: लाकडात पडलेली फूट पळते कुठे? फूट नेहमी सोप्या वाटेने, म्हणजे रेषेच्या दिशेने जाते. उभी चीर पाडताना रेषा आणि चीर एकाच दिशेला असतात. त्यामुळे फूट पळाली तरी चिरेच्या आतच पळते. जे लाकूड पुढचा दात भुसा करून टाकणारच आहे, तेच ती फाडते. काही बिघडत नाही, उलट काम हलकं होतं. म्हणून उभ्या चिरेच्या ब्लेडचा दात पटाशीसारखा सपाट असतो, हूक अँगल २० अंशांच्या आसपास, दात मोजून २४ आणि प्रत्येक दातापुढे भली मोठी खोबण. खोबण मोठी लागते, कारण चिरताना लांब धाग्यांसारख्या ढलप्या निघतात आणि दात लाकडाबाहेर येईपर्यंत त्यांना मावायला जागा हवी.

आडव्या कापात हीच फूट घात करते. इथे तंतू चिरेला ओलांडून दोन्ही बाजूंच्या तुमच्या चांगल्या लाकडात शिरलेले असतात. सपाट दाताने मधला तुकडा उचलला की फूट रेषेबरोबर कडेला पळते, थेट तयार फळीत. कपचा उडतो तो असा. यावर उपाय एकच: उचलण्याआधी तंतू दोन्ही कडांना सुरीने कापल्यासारखे तोडून घ्यायचे. म्हणून आडव्या कापाच्या ब्लेडचे दात माथ्यावर तिरके घासलेले असतात, एक डावीकडे, पुढचा उजवीकडे. प्रत्येकाचं टोक चिरेची एकेक कड कोरत जातं. दात ६० ते ८०, हूक अँगल कमी, खोबणी लहान.

कॉम्बिनेशन ब्लेड ही या दोघांची तडजोड. दहा इंची ब्लेडवर ५० दात, पाच-पाचाचे दहा गट. गटातले पहिले चार दात तिरके, डावा-उजवा-डावा-उजवा. ते कडा तोडतात. पाचवा सपाट, त्याला रेकर म्हणतात. तो मधला उरलेला भाग खरवडून काढतो आणि त्याच्यापुढे मोठी खोबण असते. गंमत सपाट दाताच्या उंचीत आहे. तो चार तिरक्या दातांच्या टोकांपेक्षा किंचित बुटका असतो, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांच्या घरात. तोडणारे आधी, उचलणारा मागून. कल्पना नवी नाही बरं. मोटरीच्या आधी दोन माणसं दोन टोकांना धरून ओंडके तोडायची, त्या मोठ्या करवतींच्या एका अमेरिकन प्रकारातही चार तोडणारे दात आणि एक खरवडणारा अशीच रचना होती.

ज्यांना टेबल सॉ माहीत आहे त्यांच्यासाठी आणखी एक. उभी चीर पाडताना ब्लेड फळीच्या वर जेमतेम डोकावेल एवढंच ठेवलं, तर दात रेषेला जवळपास समांतर धावतो आणि लांब धागे निघतात. ब्लेड उंच केलं तर दात वरून जास्त उभा उतरतो, तंतूंना तोडत जातो आणि भुसा बारीक येतो. म्हणजे नुसती उंची बदलली की दाताचं रेषेशी नातं बदलतं, मग आपली 'उभी चीर' खरंतर किती उभी, हा हिशेब मांडावा लागतो. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या, ब्लेड विकत घ्यायला त्याची गरज नाही.

आता शंभर दाती ब्लेडकडे. एक दात एका फेरीत किती लाकूड घेतो, याचा साधा भागाकार आहे: फळी सरकवण्याचा वेग भागिले (फेऱ्या गुणिले दात). टेबल सॉ मिनिटाला ४,००० फेरे मारतो आणि तुम्ही फळी मिनिटाला ४ मीटर सरकवता असं धरू. २४ दाती ब्लेडचा प्रत्येक दात ०.०४ मिलिमीटर लाकूड घेतो, ५० दातीचा ०.०२ आणि १०० दातीचा ०.०१. धार कितीही पाजळली तरी तिच्या टोकाला काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोलाई असतेच आणि वापराने ती वाढत जाते. ढलपीची जाडी त्या गोलाईच्या जवळ आली की दात कापणं सोडून घासायला लागतो. घासलं की उष्णता. दहा इंची ब्लेडची कड ताशी १९० किलोमीटरने धावत असते. त्या वेगाने घासल्यावर साग करपला तर नवल काय? कारखान्यातली स्वतः फळी ओढणारी यंत्रं भरीव लाकूड चिरताना दातामागे एक दशांश मिलिमीटरच्या आसपास लाकूड घेतात, म्हणून त्यांच्या कडा पांढऱ्या राहतात.

याच भागाकारात आपल्याकडच्या एका जुगाडाची वाट लागते. मार्बल कटर उलटा करून प्लायच्या तुकड्याखाली बसवायचा आणि त्याला टेबल सॉ म्हणायचं. त्याला ११० मिलिमीटरचं चाळीस दाती ब्लेड आणि वेग मिनिटाला साधारण १२,००० फेरे. हाताने मिनिटाला २ मीटर सरकवलंत तर दातामागे ०.००४ मिलिमीटर. दात कापतच नाही, फक्त घासतो. त्याला फेन्स (फळी सरळ नेणारी आडपट्टी) धड नसते, गार्ड (ब्लेडवरचं झाकण) नसतं, ब्लेडमागची रायव्हिंग नाइफ तर नसतेच. ही पाती चिरलेली फळी पुन्हा मिटून ब्लेडला आवळू नये म्हणून असते. आवळली तर ब्लेडचे मागचे, वर येणारे दात फळी उचलून थेट माणसाच्या पोटावर फेकतात. हे सगळं नसतं, पण स्विचच्या वर लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी ताजी असते. खंडेनवमीला हत्याराला हळदकुंकू जरूर वाहावं, ती कृतज्ञता आहे. लिंबाने मात्र फळीचा वेग कमी होत नाही.

मग घ्यायचं काय? प्लाय, सनमाइका आणि एमडीएफचंच काम असेल तर कॉम्बिनेशन ब्लेडच्या नादी लागू नका. ऐंशी दाती बारीक ब्लेड तिथे योग्यच आहे, दुकानदार तिथे चुकत नाही. दिवसभर फक्त फळ्या चिरायच्या तर सरळ २४ दाती. पण एखाद्या घरच्या कारागिराकडे पाडलेल्या जुन्या वाड्याचं सागवान किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून भंगारात निघणारं पॅकिंगचं पाइनवुड येतं; आता चीर, पाच मिनिटांनी आडवा तोड, पुन्हा चीर. त्याने दर वेळी ब्लेड बदलावं ही अपेक्षा पुस्तकी आहे. त्याच्यासाठी ५० दाती कॉम्बिनेशन. न मिळालं तर सगळे दात तिरके असलेलं ४० दाती. ते जनरल पर्पज म्हणून मिळतं आणि फरक तेवढा मोठा नाही.

पाच-पाचाच्या गटांचं खरं कॉम्बिनेशन ब्लेड इथल्या दुकानात क्वचित दिसतं. फ्रॉइडसारख्या कंपन्या ते बनवतात, पण बरेचसे अमेरिकन बाजारासाठी, म्हणजे मधलं भोक १५.८८ मिलिमीटरचं. आपल्याकडच्या यंत्रांचा शाफ्ट बहुधा २५.४ किंवा ३० मिलिमीटरचा असतो. भोक मोठं असेल तर रिंग टाकून लहान करता येतं. लहान असेल तर ते मोठं करणं हे गल्लीतल्या ड्रिल मशीनचं काम नाही. वरचा भागाकार आठवा: दातामागे ०.०२ मिलिमीटर. भोक केंद्रापासून ०.०५ मिलिमीटर जरी सरकलं तरी चकती मध्याबाहेर नाचते, एका बाजूच्या दातांवर जास्त काम पडतं आणि दुसऱ्या बाजूच्यांवर कमी. पन्नास दातांचे पैसे देऊन तुम्हाला पन्नास दातांचं काम मिळत नाही, आणि मिळतं तेही थरथरणारं.

ब्लेड हातात घेतलं की स्टिकर सोडा, पोलादावर लेझरने कोरलेली ओळ वाचा. २५४ × २.८/१.८ × ३० असं काहीतरी असतं: व्यास, दाताची रुंदी, चकतीची जाडी, भोक. रायव्हिंग नाइफची जाडी २.८ आणि १.८ च्या मधली हवी. तिथेच कमाल फेऱ्यांचा आकडा असतो, तो तुमच्या यंत्रापेक्षा जास्तच पाहिजे. हा आकडाच नसेल तर ब्लेड परत ठेवा. मग ते उजेडासमोर आडवं धरा आणि दाताचं टोक चकतीला जोडलंय तिथला सांधा बघा. चांगल्या ब्लेडवर चांदीच्या डाकाची बारीक, अखंड रेघ दिसते. भुसभुशीत छिद्रं दिसली की समजायचं हा दात एक दिवस उडणार. सोनेरी मुलामा, 'नॅनो', 'जर्मन टेक्नॉलॉजी' वगैरेकडे दुर्लक्ष करा. चकतीवरचा रंग लाकूड कापत नाही.

कापतं ते टंगस्टन कार्बाइड. जर्मनीत १९२३ मध्ये ऑसराम कंपनीत बल्बची तार ओढायच्या साच्यांसाठी हिऱ्याला पर्याय शोधताना ते तयार झालं, पुढे क्रुपने विडिया नावाने विकलं आणि सातपूरचा टर्नर आजही विडियाच म्हणतो. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टमध्ये भाजून धरलेले असतात: कठीण, पण ठिसूळ. म्हणून ब्लेड लोखंडी टेबलावर आपटून ठेवू नये. सागात सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच, आणि ती साधं पोलाद बघता बघता खाते. वाड्याच्या तुळईत तर जुने खिळेही असतात. चिरण्याआधी चुंबक फिरवून घ्या.

धार गेली की ब्लेड फेकू नका. कानशीने हे दात घासले जात नाहीत, डायमंड व्हील लागतं. नाशिकसारख्या कारखान्यांच्या गावात टूल ग्राइंडिंग करणारे सापडतात. फक्त देताना बजावून सांगा, शक्य तर चिठ्ठी लिहून बांधा: गटातला पाचवा दात बुटकाच ठेवायचा. ग्राइंडरवाल्याने सवयीने सगळे दात एका उंचीला आणले, तर सपाट दात तिरक्यांच्या आधी तंतू उचलायला लागतो आणि पुढच्याच आडव्या कापाला फळीची कड उसवते.