बर्फ, मागची चाकं आणि बैलगाडीचा दाखला

म्युनिकला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. दोन सीटची, कापडी छत मागे दुमडणारी, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी, १९८९ मध्ये जी पहिली पिढी आली त्यातली. घरच्या ग्रुपवर फोटो पडला, अभिनंदनं झाली आणि तेवढ्यात त्याने लिहिलं, "हिवाळ्यातही हीच चालवणार." झालं! निफाडच्या आमच्या दादांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "बैल गाडीच्या पुढे जुंपतात, मागे नाही. मागून ढकललेली गाडी तिरकी जाणारच. बर्फात काढू नकोस." खाली लगोलग पाच-सहा अंगठे. कुणीतरी बर्फात गरगरणाऱ्या लाल गाडीचा व्हिडिओही चिकटवला.

दादांचा सल्ला निम्माअधिक बरोबर आहे, पण दाखला साफ चुकीचा आहे. आणि तो का चुकीचा हे पाहण्यातच खरी मजा आहे, कारण गाड्यांबद्दल बोलणारी भलीभली मंडळीही हाच दाखला देतात.

बैल स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या दिशेने चालतो. गाडी मागे तिरकी झाली तरी तो रस्त्याच्या दिशेनेच ओढत राहतो, म्हणून जू गाडीला पुन्हा रांगेत आणतं. मोटारीच्या मागच्या चाकांचं तसं नसतं. ती गाडीच्या सांगाड्याला पक्की बांधलेली असतात. गाडीचं नाक दहा अंश वळलं तर ढकलण्याची दिशाही दहा अंश वळते. दोन्ही चाकांचा जोर सारखा असेल तर त्याची रेषा गाडीच्या गुरुत्वमध्यातूनच जाते आणि गाडी फिरवणारा परिणाम शून्य असतो. नुसतं मागून ढकलल्याने गाडी तिरकी होत नाही. याच गैरसमजात रॉबर्ट गॉडर्डसारखा माणूसही सापडला होता. १६ मार्च १९२६ रोजी त्यांनी द्रव इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, त्यात इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या. वरून ओढलं तर रॉकेट सरळ राहील, ही कल्पना. तसं होत नाही हे कळल्यावर पुढच्या रॉकेटांत इंजिन मुकाट खाली गेलं.

मग व्हिडिओतली ती लाल गाडी फिरली कशाने?

चाकाला रस्त्याकडून जास्तीत जास्त किती घर्षणबल मिळेल, याला मर्यादा असते: चाकावरचा भार गुणिले घर्षणगुणांक. सूत्र शाळेतलंच आहे. रबराला ते तंतोतंत लागू पडत नाही, पण आपलं काम भागतं. कोरड्या डांबरावर हा गुणांक ०.८ च्या आसपास, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२, आणि काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहून कमी. शाळेत जे सांगायचं राहून जातं ते असं, की ही मर्यादा दिशा पाहत नाही. गाडी पुढे ढकलणं, ब्रेक लावणं, वळणावर गाडीला आडवं धरून ठेवणं, सगळं त्याच एका बलातून भागवायचं असतं. कागदावर एक वर्तुळ काढा. त्रिज्या म्हणजे कमाल घर्षणबल. केंद्रातून निघालेला बाण म्हणजे टायर या क्षणी देत असलेलं बल. बाण कुठेही वळू दे, टोक वर्तुळाबाहेर जाणार नाही. वाहन अभियांत्रिकीत हे वर्तुळ स्टुटगार्टचे अभियंते वुनिबाल्ड काम (Kamm) यांच्या नावाने ओळखलं जातं.

आता आकडे घालू. या गाडीचं वजन साधारण ९५० किलो, चालक आणि सामानासकट १,०५० धरू. वजनाची वाटणी पुढे-मागे जवळपास निम्मी-निम्मी, म्हणजे मागच्या दोन चाकांवर ५२५ किलो. बर्फावर ०.२ गुणांकाने तिथे मिळणारं कमाल बल साधारण १,००० न्यूटन. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३० किलोमीटरने घ्यायचं, तर वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या या हिशेबाने मागच्या चाकांना आडवं बल लागतं ७३० न्यूटन. दोन दिशा काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरस: १,००० च्या वर्गातून ७३० चा वर्ग वजा केला, वर्गमूळ काढलं, उरले सुमारे ६८० न्यूटन. पुढे ढकलायला मागच्या चाकांकडे एवढंच शिल्लक आहे.

आणि इंजिन किती देऊ शकतं? त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबलं तर चाकांशी तीन हजार न्यूटनच्या वर. कोरड्या रस्त्यावर मागच्या चाकांची मर्यादा ४,१०० न्यूटन, त्यामुळे तिथे कितीही दाबा, काही होत नाही. बर्फावर मात्र इंजिनाच्या ताकदीचा जेमतेम पाव हिस्सा वापरला की ६८० ची हद्द ओलांडली. समजा चालकाने ८०० न्यूटनएवढं पॅडल दाबलं. आडव्या कामाला उरले ६००, आणि हवेत ७३०. शेपूट बाहेर सरकायला लागतं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. शेपूट बाहेर गेलं की गाडीचं नाक वळणाच्या आत आणखी वळतं. नाक वळलं की पुढच्या टायरचा प्रवासाच्या दिशेशी असलेला कोन वाढतो. कोन वाढला की पुढचे टायर आणखी आडवं बल देतात, कारण त्यांच्या वर्तुळात अजून जागा आहे, त्यांच्यावर इंजिनाचा भार नाही. ते नाकाला आणखी आत ओढतात. मागची चाकं तर आधीच हद्दीवर आहेत, त्यांच्याकडून उत्तर येत नाही. परिणामच कारणाला खतपाणी घालतो आणि गाडी एक-दोन सेकंदांत उलट्या तोंडाने उभी राहते. त्यात चाक जागच्या जागी गरगरू लागलं तर आणखी वाईट. घर्षण नेहमी घसरण्याच्या विरुद्ध दिशेला असतं. गरगरणाऱ्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग मुख्यतः मागे घसरतोय, म्हणून घर्षण मुख्यतः पुढे, आडवं जवळजवळ काहीच नाही. वर्तुळातला बाण पूर्ण उभा झालेला असतो.

इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते त्या गाडीत हेच सगळं पुढच्या टायरवर येतं. ते हद्दीवर गेले की गाडी कमी वळते, सरळ जाते, घसरण तिथेच थांबते. सरळ जाऊन खड्ड्यात पडणार असाल तर त्यात फार सुख नाही, पण गाडी गरगरत नाही. म्हणून सामान्य चालकाला ती सोपी वाटते. फरक ढकलण्या-ओढण्याचा नसून कोणत्या टायरचं घर्षण आधी संपतं, याचा आहे.

घाबरून पॅडलवरचा पाय एकदम उचलला तर? खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढतं आणि हे ओढणंही फक्त मागच्याच चाकांवर येतं. वर्तुळातला बाण वर होता तो खाली गेला, लांबी तेवढीच. म्हणून जुने चालक सांगतात, क्लच दाब आणि जिकडे जायचंय तिकडे बघ, स्टिअरिंग तिकडे ने. क्लच दाबल्यावर मागच्या टायरला फक्त आडवं काम उरतं. पुढच्या चाकांची बैठक अशी कललेली असते की गाडी घसरू लागली की स्टिअरिंग आपोआप प्रवासाच्या दिशेला फिरू पाहतं. हात सैल ठेवला तर अर्धं काम गाडीच करते. आजच्या गाड्यांत हे काम संगणक करतो, एकाच चाकाला ब्रेक लावून. १९९५ मध्ये ते पहिल्यांदा मर्सिडीझच्या महागड्या गाड्यांत आलं आणि २०१४ च्या अखेरीस युरोपात प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचं झालं. भाच्याच्या गाडीत तो संगणक नाही.

मागच्या चाकांच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: वेग घेताना भार मागे सरकतो, म्हणून पकड वाढते. खरं आहे, पण बर्फावर नाही. सरकणारा भार त्वरणाच्या प्रमाणात असतो. अर्धा जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या निम्मं, त्वरण असेल तर या मापाच्या गाडीत वजनाचा नववा-दहावा हिस्सा मागे जातो, बर्फावर ०.१ जी मिळालं तर जेमतेम दोन टक्के. जिथे मदत हवी तिथेच ती येत नाही. इंजिनच मागच्या चाकांवर बसवलं असेल तर गोष्ट वेगळी. पोर्शे ९११ ने १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं माँटे कार्लो रॅली जिंकली, जानेवारीतल्या आल्प्सच्या बर्फातून. ताकद मागच्याच चाकांना होती.

मग डिकीत वाळूची पोती टाकावी का? ५० किलोचं पोतं मागच्या आसापासून अर्धा मीटर मागे ठेवलं तर मागच्या चाकांवर सुमारे ६१ किलो वाढतात आणि पुढच्यांवरचे ११ कमी होतात. जागेवरून हलायला मदत होते, पण स्टिअरिंगवाल्या चाकांची पकड घटते. वळणावर त्या पोत्यालाही आडवं धरावं लागतं आणि गाडी एकदा फिरायला लागली की टोकाला ठेवलेलं वजन तिला थांबू देत नाही. थांबण्याचं अंतर तर एका इंचानेही कमी होत नाही, कारण त्या सूत्रात वस्तुमान येतच नाही. ताशी ५० किलोमीटरवरून कोरड्या रस्त्यावर साधारण १२ मीटर, बर्फावर ४९, काचेसारख्या बर्फावर जवळजवळ १०० मीटर. इथे पुढची-मागची चाकं हा वादच संपतो, चालतो तो फक्त टायर.

सात अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरेनासं होतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर पातळ चिरांची दाट नक्षी असते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात २००८ पासून ते हिवाळाभर सक्तीचे आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तेव्हा सक्ती, आणि टायरवर डोंगर व हिमकणाचं चिन्ह लागतं.

बर्फ निसरडा का, याचं पाठ केलेलं उत्तर "दाबाने वितळतो" असं असतं. करून पाहा: एका वातावरणाएवढा दाब वाढला तर बर्फाचा द्रवणांक ०.००७५ अंशाने उतरतो. टायरचा दाब दोन-सव्वादोन वातावरणं. फरक अंशाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढाही नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच अर्धवट द्रवासारखा थर असतो, असं फॅरेडेने १८५० मध्ये सुचवलं होतं; त्यात घसरण्याच्या उष्णतेने भर पडते. म्हणून शून्याजवळचा बर्फ उणे पंधराच्या बर्फापेक्षा जास्त घातक.

आता दादांच्या निफाडकडे येऊ. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रांत फोटो येतात, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. म्हणजे सात अंशांची रेघ आपणही ओलांडतो. पण डांबर कोरडं असेल तर घर्षण भरपूर उरतं. धोका वेगळाच आहे. पहाटे पिंपळगाव बसवंतच्या बाजूला रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेले काळ्या मातीचे गोळे दिसतात, मागच्या टायरची तिरकी नक्षी जशीच्या तशी उमटलेली, वर दव. या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पापुद्र्यांचं असतं आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी धरतं. चाकाखाली आलं की पापुद्रे एकमेकांवरून सरकतात. त्यावरून टोमॅटो उतरवून परतणारी रिकामी पिकअप जाते: इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागचा हौदा मोकळा. वरच्या हिशेबातल्या ५२५ किलोंपेक्षाही तिची वाटणी वाईट. म्युनिकच्या भाच्याला उपदेश करणाऱ्यांच्या दारात तीच गाडी उभी असते, बंपरला लिंबू-मिरची लटकवलेली आणि टायर गुळगुळीत. लिंबाला घर्षणगुणांक वाढवता आला असता तर क्युबेकने कायदा लिंबाचा केला असता.

नायट्रोजनची गंमतही तशीच. पंपावर पैसे घेऊन भरतात, थंडीत दाब उतरत नाही म्हणतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो आणि दोन्हींना वायूचा नियम तोच. दहा अंशांनी तापमान उतरलं की ३० पीएसआयच्या टायरमधला दाब साधारण दीडने उतरणार, आत काहीही भरा. त्यापेक्षा टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुन्या स्पोर्ट्स कार वर्षाकाठी थोड्याच चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर मात्र वयाने दगड झालेलं, असं हमखास आढळतं.

भाच्याने हिवाळी टायर घेतले. त्याच्या गाडीला आता धोका घसरण्यापेक्षा मिठाचा जास्त आहे. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचं संपृक्त पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं, आणि ते दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत शिरून पत्रा आतून खातं. अशी गाडी रात्री उबदार गॅरेजमध्ये लावणं म्हणजे गंजाला चालना देणं, कारण तापमान वाढलं की गंजण्याची अभिक्रिया वेग घेते. बाहेर उणे दहात उभी राहिली तर गंज सावकाश चढतो. फक्त सकाळी छत उघडायचं नाही. मागची खिडकी प्लास्टिकची आहे आणि थंडीत दुमडली की तडकते.