एनआरएफ२४ आणि ईएसपी-०१: व्होल्टेज सारखंच, भूक वेगळी

एनआरएफ२४ आणि ईएसपी-०१ ही बिनतारी संदेश पाठवणारी दोन छोटी मॉड्यूल टेबलावर शेजारी ठेवली तर पटकन फरक कळत नाही. छोटीशी पाटी, एका टोकाला नागमोडी अँटेना, दुसऱ्या टोकाला चार-चारच्या दोन ओळींत आठ पिना. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि दोन्हींना ३.३ व्होल्ट लागतात. म्हणून एकासाठी काढलेली जोडणी दुसऱ्याला लावली जाते, आणि एकाच्या दुखण्यावरचं औषध दुसऱ्याला दिलं जातं. ‘कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) लाव, चालेल’ हा सल्ला एनआरएफ२४ला बहुतेक वेळा लागू पडतो. ईएसपी-०१ला तोच सल्ला दिला, तर माणूस आठवडाभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

आधी ओळख पटवून घ्या. भिंगाखाली क्रिस्टलचा चकचकीत डबा बघा. एनआरएफ२४एल०१वर १६ मेगाहर्ट्झचा असतो, ईएसपी-०१वर २६चा. ईएसपीवर दोन चिपा दिसतात, मुख्य ईएसपी८२६६ आणि तिच्या जोडीला आठ पायांची फ्लॅश मेमरी. साध्या एनआरएफवर एकच चिमुकली चौकोनी चिप असते. सगळ्यात महत्त्वाचा फरक पिनांच्या मांडणीत आहे. एनआरएफवर ग्राउंड आणि व्हीसीसी (वीज आत घेणारी पिन) एकाच टोकाला शेजारीशेजारी असतात. ईएसपीवर ती दोन तिरप्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांत असतात. दोन्हींसाठी मिळणाऱ्या अडॅप्टर पाट्यांवर तोच आठ भोकांचा सॉकेट असतो, त्यामुळे चुकीचं मॉड्यूल अगदी सहज बसतं. बसलं म्हणजे जमलं असं समजू नका. तशा वेळी वीज भलत्याच पिनेत शिरते.

कामाच्या दृष्टीनेही दोघांचा संबंध नाही. एनआरएफ२४ वाय-फाय बोलत नाही. त्याची स्वतःची पाकिटं असतात, एका पाकिटात जास्तीत जास्त ३२ बाइट, आणि समोर तसंच दुसरं एनआरएफ असावं लागतं. फोनवर ते कधीच दिसणार नाही. ईएसपी-०१ हा मात्र आख्खा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे स्वतःचा प्रोग्राम चालवणारा छोटा संगणक आहे, घरच्या राउटरला सरळ जोडला जाणारा.

आता विजेकडे वळू, कारण खरा घोळ इथेच आहे. ‘३.३ व्होल्ट’ एवढं वाचून आपण थांबतो. पण व्होल्ट हा फक्त दाब. करंट किती लागणार आणि तो कसा ओढला जाणार, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

साधं एनआरएफ२४ पूर्ण ताकदीने पाठवताना ११.३ मिलिअँपिअर घेतं, ऐकताना साडेतेराच्या आसपास. आर्डुइनो उनो या नेहमीच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या ३.३ व्होल्ट पिनेवर ५० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे करंटची अडचणच नाही. अडचण आहे ती स्वच्छतेची. ब्रेडबोर्ड (डाग न देता जोडण्या करायची भोकांची पाटी) आणि लांब जंपर वायरींमधून येणारी वीज खडबडीत असते, आणि मॉड्यूल झोपेतून उठून पाठवायला लागलं की दाब क्षणभर खचतो. म्हणून कपॅसिटर, आणि तोही मॉड्यूलच्या पिनांवर थेट सोल्डरचा डाग देऊन. गणित करून बघा. १ मेगाबिट वेगाने ३२ बाइटचं पाकीट पत्ता-तपासणीसकट सुमारे ३३० मायक्रोसेकंद हवेत असतं. तेवढा वेळ पुरवठ्याने काहीच दिलं नाही असं धरलं, तरी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दाब ०.३७ व्होल्टपेक्षा जास्त पडू देत नाही. प्रत्यक्षात पुरवठाही हातभार लावतो, त्यामुळे १० पुरतो.

लांब दांडीच्या अँटेनाचं, अँप्लिफायर असलेलं एनआरएफ मात्र पाठवताना ११५ मिलिअँपिअरपर्यंत जातं. त्याला तोच हिशोब लावला तर १० मायक्रोफॅरड काहीच नाही, १०० हवा. आणि उनोची ३.३ व्होल्ट पिन मुळातच विसरायची. जुन्या नॅनो बोर्डवर तर ती पिन यूएसबी-सीरियल चिपमधूनच आलेली असते, तिच्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नका.

ईएसपी-०१चं दुखणं वेगळं आहे. ऐकताना पन्नासच्या पुढे, वाय-फायवर पाठवताना १७० मिलिअँपिअर आणि वर क्षणिक उसळ्या. उत्पादक ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा सुचवतात, तो उगाच नाही. समजा पुरवठा २५० मिलिअँपिअरने कमी पडतोय. ही तूट फक्त एक मिलिसेकंद भरून काढायची आणि दाब पाव व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचा नाही, तर १००० मायक्रोफॅरड लागतात. राउटरशी जोडणी मात्र कितीतरी जास्त वेळ चालते. कपॅसिटर ही टाकी आहे, विहीर नाही. ईएसपीला स्वतंत्र ३.३ व्होल्ट रेग्युलेटर (दाब कमी करून स्थिर ठेवणारी चिप) द्या, ५ व्होल्टवरून, आणि ईएसपीचं व उनोचं ग्राउंड एकत्र जोडा. एएमएस१११७ हा रेग्युलेटर चालतो, पण त्याला आत-बाहेर सव्वा व्होल्टच्या आसपास फरक लागतो. एका लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टवर तो कामाचा नाही.

माझा एक ईएसपी राउटर शोधायला लागला की मरायचा. मल्टीमीटर व्यवस्थित ३.३ दाखवत होता, म्हणून मी कोडमध्ये चूक शोधत राहिलो. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदा वाचून सरासरी दाखवतो, मिलिसेकंदाचा खड्डा त्याला दिसतच नाही. शेवटी सीरियल मॉनिटर (चिपचा मजकूर संगणकावर दाखवणारी खिडकी) ७४८८० बॉड या वेगावर लावला, तेव्हा बूटचा तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा येताना दिसला. दोष एका सैल जंपर वायरीत निघाला. सांध्यात अर्धा ओहम असला, तरी ३०० मिलिअँपिअरला ०.१५ व्होल्ट तिथेच जातात.

सिग्नलच्या तारांचा प्रश्न विजेपासून वेगळा धरा. एनआरएफ२४ची इनपुट ५ व्होल्ट सहन करतात, अट एवढीच की त्याचा स्वतःचा पुरवठा २.७ ते ३.३ व्होल्टमध्ये हवा. त्यामुळे उनोच्या तारा थेट जोडता येतात. ईएसपीच्या आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनेवर ५ व्होल्ट सोडू नका. १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या दोन रोधकांच्या विभाजकातून ५चे ३.३ होतात, तेवढं पुरे. उलट दिशेला काही लागत नाही. उनोच्या चिपला ‘वर’ समजायला ३ व्होल्ट पुरतात, आणि ईएसपी ३.३ देतो.

हाच विभाजक पाहून काही जण ईएसपीला वीजही रोधकांतूनच देतात. कृपया तसं करू नका. सिग्नलच्या तारेतून करंट जवळजवळ वाहतच नाही, म्हणून तिथे विभाजक टिकतो. मॉड्यूलने करंट ओढला की त्याच रोधकांवर सगळा दाब जिरतो.

तारांची दिशाही उलटी आहे. एनआरएफचा एसपीआय (डेटाच्या तारांचा संच) नावाप्रमाणे सरळ जोडायचा. मोसीला मोसी, मिसोला मिसो, उनोवर ११ आणि १२, घड्याळाची तार १३वर. ईएसपीचा सीरियल मात्र ओलांडून जोडायचा, एकाचा टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला. शिवाय ईएसपीची सीएच-पीडी (चिप चालू करणारी) पिन १० किलोओहममधून ३.३ला ओढून ठेवा, नाहीतर चिप उठतच नाही. चालू होताना जीपीआयओ-० ही पिन ग्राउंडला राहिली, तर चिप नवा प्रोग्राम घ्यायला बसते आणि तुमचा प्रोग्राम चालतच नाही.

एनआरएफ बिघडला, तर आधी रजिस्टर (चिपच्या आतले सेटिंगचे कप्पे) वाचून बघा. सगळी शून्यं किंवा सगळी एफएफ (म्हणजे सगळे बिट १) आली, तर तारा तपासा. रजिस्टर नीट वाचली जातात पण पाकिटं हरवतात, तर पाठवण्याची ताकद सगळ्यात खालच्या पातळीवर आणा आणि मॉड्यूल मीटरभर अंतरावर ठेवा. तेवढ्याने पाकिटं पोचायला लागली, तर कोड तसाच राहू द्या आणि कपॅसिटरला डाग द्यायला घ्या.