तेरडा कागदात दाबला की

तेरड्याचं फूल कागदात दाबून वाळवलं की पाकळ्या एकमेकींना चिकटतात, रंग उडतो आणि मागची मधाची शेपटी कुठे वळली होती तेही कळेनासं होतं. जोसेफ हुकरसारख्या दिग्गज ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाची अखेरची वर्षं तेरड्याची अशी वाळकी फुलं भिजवून सोडवण्यात गेली. म्हणून तर अभ्यासाला ताज्या फुलावरून काढलेलं शास्त्रीय चित्र हवं.

गंमत म्हणजे असं चित्र कुठल्याच एका रोपाचं नसतं. कळी आज मिळाली, बोंड महिन्याने, किडीने कुरतडलेलं पान गाळलं. पण सगळं एकाच फांदीवर. तळाशी फूल उभं चिरून पुंकेसर आणि बीजांडकोश मोठे करून दाखवलेले. अशा चित्राला खोटं म्हणायला मी तयार नाही. फोटोत एक रोप दिसतं, इथे अख्खी जात दिसते.

या चित्रांचं वजनही मोठं. कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे याचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींचा सचित्र ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत निघाला. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांची साक्ष चक्क नागरी लिपीत छापली आहे. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने पुढे यातली चित्रं पाहून कित्येक वनस्पतींना नावं दिली. त्यामुळे नावाचा वाद निघाला, तर अभ्यासक आजही त्या चित्रापाशीच जातात.

आपल्याकडे पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथले अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० दरम्यान बागेतल्या देशी-विदेशी झाडांची चित्रं काढून घेतली. त्यांतली १७३ आज एडिनबराच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

मद्रासकडच्या रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने मात्र रंगय्या आणि गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावं चित्रांखाली छापली. त्याच्या ‘आयकोनीज’ या वनस्पतिचित्रांच्या ग्रंथात दोन हजारांहून जास्त चित्रं आहेत. ऑर्किडच्या एका प्रजातीला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) तर त्याने ‘गोविंदूइया’ असं नाव दिलं. पुढे ते ऑर्किड ‘ट्रॉपिडिया’ या प्रजातीत गेलं आणि गोविंदूचं नाव जुन्या नावांच्या यादीत जमा झालं.