सिकलसेलचे प्रकाशीय निदान

रक्तावर टाकलेल्या प्रकाशापैकी किती शोषला गेला, किती विखुरला आणि किती पलीकडे पोचला, यावरून सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष ओळखण्याच्या पद्धती. भौतिकी आणि वैद्यक यांच्या बांधावरचे हे क्षेत्र नागपुराला परके नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडचे रुग्ण पुढच्या उपचारांसाठी नागपूरच गाठतात. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिणारे शुक्ला आणि सोळंकी हेही इथलेच.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढ्या बदलाने तयार झालेले हिमोग्लोबिन एस ऑक्सिजन सोडताच एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनवते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हे तंतू प्रकाश विखुरतात. गावोगावच्या शिबिरांत होणारी सोल्युबिलिटी टेस्ट नेमकी यावर उभी आहे. बोटातल्या रक्ताचा थेंब सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात टाकतात. ते ऑक्सिजन काढून घेते. मग नळी छापील काळ्या रेघांपुढे धरायची. रेघा स्वच्छ दिसल्या तर एस नाही. द्रावण गढुळले आणि रेघा हरवल्या तर आहे. हे प्रकाशमापनच, फक्त मापक म्हणून तंत्रज्ञाचा डोळा आहे. स्वस्तात इतके सांगणारी दुसरी चाचणी क्वचितच सापडेल.

पण नळी गढूळ झाली म्हणजे ‘एएस पॅटर्न’ की ‘एसएस पॅटर्न’, हे तिला सांगता येत नाही. पहिल्यात एसचे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेले, तो वाहक, सहसा धडधाकट. दुसऱ्यात ते दोघांकडून आलेले, तो आयुष्यभराचा रुग्ण. लग्नाची बोलणी चालू असलेल्या घरात हा फरक म्हणजेच सगळा प्रश्न असतो. शिवाय सहा महिन्यांखालच्या बाळांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असते आणि फार पांढुरक्या पडलेल्या रुग्णात एकूण हिमोग्लोबिनच कमी, म्हणून तिथे टेस्ट चुकू शकते.

पुढची पायरी इलेक्ट्रोफोरेसिस (विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिने वेगळी करणे) किंवा एचपीएलसी (दाबाखाली द्रव स्तंभातून ढकलून घटक वेगळे करणे) यांची. एचपीएलसीत निरनिराळी हिमोग्लोबिने स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून आपली हजेरी लावतात. हिमोग्लोबिन याच पट्ट्यात सर्वाधिक शोषण करते. आलेखावरच्या शिखरांवरून ए (नेहमीचे), एस आणि एफ (गर्भावस्थेतले) यांचे प्रमाण कळते. यंत्र मात्र महाग, त्याला अखंड वीज आणि जाणता माणूस लागतो.

म्हणून संशोधकांचे लक्ष एलईडी आणि फोटोडायोडवर (प्रकाश मोजणारा घटक) चालणाऱ्या लहान उपकरणांकडे, तसेच रामन वर्णपटाकडे, म्हणजे विखुरताना तरंगलांबी बदललेल्या प्रकाशाच्या आलेखाकडे आहे. लेझरखाली एकेका पेशीचा रामन वर्णपट ऑक्सिजन असताना आणि नसताना वेगळा दिसतो. (सी. व्ही. रामन अर्थखात्याच्या नोकरीत १९१०च्या सुमारास काही काळ नागपुरात होते. त्यांचा शोध १९२८चा, कलकत्त्याचा. त्यावर नागपूरने हक्क सांगू नये.)

नुसते प्रकाशशास्त्र जाणून इथे भागत नाही, हे पल्स ऑक्सिमीटरवरून कळते. तो ६६० आणि ९४० नॅनोमीटर या दोन प्रकाशांच्या तुलनेतून ऑक्सिजनची पातळी काढतो. सिकलसेलमध्ये पेशी सतत फुटत असल्याने रक्तात कार्बन मोनॉक्साइड बांधलेले हिमोग्लोबिन थोडे वाढते, आणि यंत्र त्यालाही ऑक्सिजनयुक्त समजते. गडद त्वचेतूनही आकडा वाढीव येऊ शकतो. आकडा ठीक दिसतो आणि रुग्ण धापा टाकत असतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोलला सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यात वापरात आलेल्या पट्टी-चाचण्यांतही शेवटी रंगीत रेघच बघायची असते, म्हणजे पुन्हा डोळा आलाच.

उपकरण कोणतेही असो, नमुना ताजा हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना गावाहून आलेल्या नळीतल्या पेशी फुटलेल्या असू शकतात. जुन्या रक्तात तपकिरी मेटहिमोग्लोबिन वाढते, ते ६३० नॅनोमीटरजवळ स्वतःचे शोषण दाखवते आणि वर्णपट बिघडवते. अशा वेळी बर्फाचा डबा वर्णपटमापकाइतकाच महत्त्वाचा ठरतो.