सत्तर अमिनो आम्लं कमी, सात ऑलिंपिक मेडलं

१९६४ चं हिवाळी ऑलिंपिक ऑस्ट्रियात इन्सब्रुकला झालं आणि त्यातल्या क्रॉस कंट्री स्कीइंगच्या रेस जवळच्या सीफेल्ड गावात होत्या. १५ किलोमीटरला फिनलंडचा एरो मॅन्टिरांटा पहिला आला, दुसऱ्या नंबरच्या नॉर्वेच्या हाराल्ड ग्रॉनिंगनपेक्षा जवळजवळ ४० सेकंद आधी. ४० सेकंद ऐकायला फार वाटत नाहीत, पण ग्रॉनिंगन आणि तिसरा आलेला स्वीडनचा सिक्स्टेन येर्नबर्ग यांच्यात १० सेकंदांचंही अंतर नव्हतं, आणि येर्नबर्ग काही साधा माणूस नाही, त्याच ऑलिंपिकात ५० किलोमीटरचं गोल्ड त्याने नेलं. ३० किलोमीटरला तर एरोने सगळ्यांना मिनिटाहून जास्त फरकाने मागे टाकलं. लोक त्याला मिस्टर सीफेल्ड म्हणायला लागले, आणि सोबत कुजबुजही सुरू झाली की हा गडी रक्ताशी काहीतरी खेळ करतोय.

त्याचं रक्त वेगळं होतंच, पण ते जन्मापासून तसं होतं, आणि नेमकं काय वेगळं ते कळायला १९९३ साल उजाडलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण एका माणसाच्या करिअरमधून रक्त कसं बनतं, ऑक्सिजन स्नायूंपर्यंत कसा जातो आणि खेळात न्याय म्हणजे काय, हे सगळं एकदमच समोर येतं.

एरोचा जन्म १९३७ चा, फिनलंडच्या लॅपलंडमधल्या पेल्लो भागातला, स्वीडनच्या सीमेला अगदी लागून. आर्क्टिक सर्कलच्या आसपासचा हा मुलूख, तिथे स्की म्हणजे हिवाळ्यात इकडून तिकडे जायचं साधन, खेळ वगैरे नंतर. पुढे तो सीमेवर गार्ड म्हणून नोकरीला होता. १९६० ला अमेरिकेत स्क्वॉ व्हॅलीला रिले टीममध्ये गोल्ड मिळालं, तिथे फिनलंडने नॉर्वेला एका सेकंदाहूनही कमी फरकाने हरवलं होतं. मग १९६४, मग १९६८ ला फ्रान्समधलं ग्रेनोबल, १९७२ ला सपोरो. एकूण ७ ऑलिंपिक मेडलं, त्यातली ३ गोल्ड.

आता या खेळाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे स्कीइंग म्हटलं की डोंगरावरून सुसाट खाली येणारे लोकच डोळ्यासमोर येतात. क्रॉस कंट्रीत चढसुद्धा स्वतःच्या ताकदीवर चढायचा असतो. एरोच्या काळात स्की लाकडाच्या, लांब आणि अरुंद, बूट फक्त पुढच्या टोकाला अडकवलेला, टाच मोकळी. स्की सपाट नसते, मधोमध तिला वर उचललेला बाक असतो. त्या मधल्या भागाला खालून चिकट वॅक्स लावतात. एका पायावर पूर्ण भार देऊन खाली दाबलं की बाक सपाट होतो, वॅक्स बर्फाला टेकतं, बर्फाचे बारीक टोकदार कण त्या वॅक्समध्ये रुततात आणि क्षणभर स्की घट्ट धरते, तेवढ्यात मागे ढकलून पुढे झेपायचं. भार गेला की बाक परत वर, वॅक्स सुटलं, स्की घसरायला मोकळी. वॅक्स बर्फाच्या तापमानाप्रमाणे बदलावं लागतं, कडक पडलं तर पाय मागे सटकतो आणि मऊ पडलं तर बर्फच स्कीला चिकटून बसतो. आणि हे चालू असताना हातातल्या काठ्यांनी दंड, खांदे, पाठ, पोट सगळं कामाला लागलेलं.

म्हणजे पाय आणि हात दोघांनाही एकाच वेळी ऑक्सिजन पाहिजे. म्हणूनच शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, त्याचे सगळ्यात मोठे आकडे ज्या खेळांत दिसतात त्यात क्रॉस कंट्री स्कीइंग अगदी वर आहे. साधारण तरुण पुरुषाचा आकडा वजनाच्या दर किलोमागे ४०-४५ मिलिलिटर, या लोकांचा ८० च्या पुढे. हा आकडा मुख्यतः कुठे अडतो? फुप्फुसात हवा भरपूर येते, स्नायूही खायला तयार असतात, अडतं ते मधल्या वाहतुकीत, म्हणजे हृदय किती रक्त ढकलतं आणि त्या रक्तात किती ऑक्सिजन मावतो यात.

हिमोग्लोबिन आपल्या सगळ्यांना सीबीसीच्या रिपोर्टवरून माहीत आहे, आणि आपल्याकडे तक्रार असते ती बहुतेक ते कमी असल्याची. पुरुषांमध्ये १३ ते १७ ग्रॅम नॉर्मल धरतात, दर १०० मिलिलिटर रक्तामागे. एरोचं २० च्या वर होतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं, म्हणजे १५ ग्रॅमवाल्याच्या एक लिटर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन आणि २० ग्रॅमवाल्याच्या सुमारे २७० मिलिलिटर. असं रक्त हृदय मिनिटाला ३० लिटर ढकलत असेल तर हिशोब ६ लिटर विरुद्ध ८ लिटरवर जातो. कागदावरचा हिशोब आहे हा, प्रत्यक्षात रक्त दाट झालं की ढकलायला जड जातं आणि फायद्यातला काही भाग तिथेच खर्ची पडतो, तरीपण फरक केवढा आहे ते लक्षात येतं.

एवढं हिमोग्लोबिन का, याचा शोध फिनलंडमधल्याच डॉक्टर आणि संशोधकांनी घेतला, त्यात रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञ एवा युव्होनेन आणि जेनेटिक्सचे आल्बर्ट द ला शापेल ही मुख्य नावं. त्यांनी एरोच्या अख्ख्या खानदानाचा अभ्यास केला, ९७ जण, त्यातल्या २९ जणांमध्ये हीच गोष्ट निघाली. आईवडिलांपैकी एकाकडून आली तरी पुरे, म्हणजे प्रत्येक मुलाला मिळायची शक्यता निम्मी.

रक्तातल्या लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात बनतात आणि जेमतेम १२० दिवस जगतात, त्यामुळे कारखाना सतत चालू असतो, सेकंदाला वीसएक लाख पेशी. किती बनवायच्या हे किडनी ठरवते. ऑक्सिजन कमी पडतोय असं दिसलं की ती एरिथ्रोपोएटिन म्हणजे ईपीओ नावाचं हार्मोन सोडते, पुरेसा झाला की सोडणं कमी करते. गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा, पाणी भरलं की बॉल वर येतो आणि कॉक बंद होतो. एरोच्या घरच्यांमध्ये बॉल बरोबर वर येत होता, त्यांच्या रक्तात ईपीओ जास्त नव्हतंच, पण कॉक पूर्ण मिटत नव्हता.

हा कॉक म्हणजे मगजातल्या पेशींवरचा ईपीओ रिसेप्टर, ईपीओ पकडून पेशीला निरोप देणारं प्रोटीन. दोन रिसेप्टर जवळ येऊन मधे ईपीओचा एक रेणू पकडतात, त्यांच्या पेशीच्या आत लोंबणाऱ्या शेपट्यांना चिकटलेलं जॅक-२ नावाचं एन्झाइम चालू होतं आणि पेशीला निरोप जातो की जग, वाढ, विभागत जा. त्याच शेपटीच्या टोकाकडे दुसरं एक एन्झाइम येऊन बसतं, एसएचपी-१, आणि ते हा निरोप बंद करतं. एरोच्या डीएनएमध्ये या रिसेप्टरच्या जीनमधलं एक अक्षर बदललेलं होतं, जी च्या जागी ए. त्यामुळे जिथे टीजीजी म्हणजे ट्रिप्टोफॅन (प्रोटीनच्या साखळीतला एक मणी, एक अमिनो आम्ल) लाव असं लिहिलेलं असतं तिथे टीएजी झालं, म्हणजे इथेच थांब. प्रोटीन तिथेच तुटलं आणि शेवटची ७० अमिनो आम्लं बनलीच नाहीत, नेमका बंद करणाऱ्याला बसायची जागा असलेला तुकडा. प्रयोगशाळेत या कुटुंबातल्या लोकांच्या मगजातल्या पेशींना अगदी किंचित ईपीओ दिलं तरी त्या भराभर वाढायच्या.

दाट रक्त म्हटलं की गाठी, स्ट्रोक यांची भीती वाटते आणि ती रास्त आहे, लाल पेशी वाढण्याचा पॉलिसायथेमिया व्हेरा नावाचा आजार असतो त्यात हा धोका खरोखर असतो. या फिनिश कुटुंबाला मात्र त्रास झालेला दिसला नाही, माणसं म्हातारपणापर्यंत नीट जगली. एरो स्वतः २०१३ मध्ये गेला तेव्हा ७६ वर्षांचा होता.

आता इथे बरेच लोक घाई करतात आणि म्हणतात, मग काय, जीनमुळेच जिंकला. मला हे पटत नाही. २९ जणांकडे तो बदललेला जीन होता, २९ ऑलिंपिक चॅम्पियन काही झाले नाहीत. त्याच्याच नात्यातल्या पेर्टी तेउरायार्वीने १९७६ ला फिनलंडसाठी रिलेचं गोल्ड जिंकलं हे खरं, पण बाकीचे आपापली साधी आयुष्यं जगले. आणि १९६८ बघा ना. तोच एरो, तेच रक्त, तीच १५ किलोमीटरची रेस, आणि तोच ग्रॉनिंगन जो चार वर्षांपूर्वी ४० सेकंद मागे होता, त्याने यावेळी एरोला दोन सेकंदांच्या आत हरवून गोल्ड नेलं. ३० किलोमीटर तर इटलीच्या फ्रँको नोनेसने मारली, एरो तिसरा. वॅक्स, टेक्निक, वय, त्या दिवशीचा बर्फ आणि समोरच्याचं चार वर्षांचं ट्रेनिंग, हे सगळं हिमोग्लोबिनच्या जोडीला मोजावंच लागतं.

संशयाबद्दलही सरळ बोलायला हवं. १९७२ मध्ये एरोच्या चाचणीत ॲम्फेटामाइन हे उत्तेजक सापडलं होतं, ते झाकायचं कारण नाही, पण ॲम्फेटामाइनने लाल पेशी वाढत नाहीत, तो वेगळा विषय आहे. त्याच्या काळात ईपीओचं इंजेक्शन अस्तित्वातच नव्हतं, ते किडनीच्या पेशंटसाठी १९८० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं आणि लगेच खेळाडूंच्या हातात पोचलं. म्हणजे एरोला जे जन्मतः मिळालं तेच बाकीचे सुईने घ्यायला लागले. २००१ ला फिनलंडमध्येच लाहतीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सहा फिनिश स्कीअर रक्त पातळ दाखवून वाढलेलं हिमोग्लोबिन लपवणारं द्रव्य घेतल्याबद्दल पकडले गेले, अख्खा देश हादरला होता. आणि २०१९ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप चालू असताना पोलिसांनी धाड टाकली तेव्हा एक स्कीअर हातात रक्ताची नळी लावलेल्या अवस्थेत सापडला, आणि हे घडलं कुठे, तर सीफेल्डमध्येच.

स्की फेडरेशनने अशा प्रकारांवर हिमोग्लोबिनची मर्यादाही घातली होती, २००६ च्या ऑलिंपिकच्या वेळी ती पुरुषांना १७ ग्रॅम आणि बायकांना १६ होती. त्याच्या वर गेलात तर रेसला उभं राहू देत नसत, जन्मजात जास्त आहे हे सिद्ध केलं तर सूट मिळायची. म्हणजे त्या नियमाच्या काळात एरो रेसला असता तर त्याला आधी आपल्या घरच्यांचे रक्ताचे रिपोर्ट आणि ते एक बदललेलं अक्षर घेऊन डॉक्टरांच्या पॅनेलपुढे बसावं लागलं असतं. सूट मिळायला हवी का? माझ्या मते हवीच. बास्केटबॉलमध्ये सात फुटी माणसाला उंचीबद्दल कुणी जाब विचारत नाही, आणि एरोची उंची, एवढंच, की नसांमध्ये होती.