पाठीची दुखापत आणि भरपाई: अपंगत्वाचा दाखला आणण्याआधी हे वाचा

कामावर पाठ दुखावलेले बहुतेक ग्राहक येतात तेव्हा त्यांच्या हातात एक दाखला असतो: ‘कायमचे अपंगत्व २० टक्के’. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘मग किती मिळतील?’ नुसत्या या दाखल्यावर आम्ही आकडा सांगत नाही आणि मालकाकडून भरपाई मागण्याचा अर्जही लिहीत नाही. काहींना तो आडमुठेपणा वाटतो, म्हणून कारण नीट सांगतो.

दाखल्यातली टक्केवारी शरीराची असते. कंबर किती वाकते, पाय किती बधिर झाला, ताकद किती उरली, एवढंच ती सांगते. भरपाई ठरते ती कमाईची क्षमता किती घटली यावर. हात, बोट, डोळा गेला तर त्याची टक्केवारी कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात (शेवटी जोडलेल्या यादीत) छापलेली आहे. मणक्यातली गादी सरकणं त्या यादीत नाही. त्यामुळे पाठीच्या बाबतीत ‘कमाईची क्षमता इतके टक्के घटली’ असं नोंदणीकृत डॉक्टरांनी वेगळं लिहून द्यावं लागतं. ते वाक्य नसेल तर सुनावणीत शरीराचे २० टक्के हेच कमाईचे २० टक्के धरले जाण्याचा धोका असतो. ते टाळायचं तर पुन्हा तपासणी, पुन्हा दाखला, आणि मधले कित्येक महिने वाया.

पैशात हा फरक केवढा, ते पाहा. अपघात २०२४ मधला, वय ४० पूर्ण, पगार महिना १५,००० रुपये. (पगार याहून जास्त असला तरी हिशेबात १५,००० च धरले जातात, २०२० पासून ही मर्यादा आहे.) पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्यात वयानुसार ठरलेला गुणक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३०. कमाईच्या क्षमतेतली घट २० टक्के धरली तर ३,३१,५०६ रुपये आणि ५० टक्के सिद्ध झाली तर ८,२८,७६५. पाठ तीच आणि एमआरआयही तोच.

गोदामातला हमाल आणि टेबलावर हिशेब लिहिणारा, दोघांची गादी एकाच जागी सरकली तरी दोघांची कमाई सारखी बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच हे तत्त्व स्पष्ट केलं: डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराची क्षमता १०० टक्के गेली असं धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. याचा अर्थ प्रत्येक पाठीला १०० टक्के मिळतात असा मात्र नाही. दुसरं कोणतं काम जमतं, हा प्रश्न विचारला जातोच.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी आम्ही दोन पानी कामाचा तक्ता बनवतो. ‘हमालीचे काम’ एवढं लिहून भागत नाही. गोणी ५० किलोची, दिवसाला साधारण १२० वेळा, ट्रकच्या फाळक्यापासून थप्पीच्या सहाव्या थरापर्यंत, सलग किती तास उभं राहून, कमरेत पीळ कुठे पडतो, असं सगळं त्यात असतं. तो समोर असला की डॉक्टरांना टक्केवारीमागचं कारण लिहिता येतं. दाखला शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच घ्या, कारण साक्षीला त्यांनाच यावं लागतं. टक्के ‘वाढवून’ देणाऱ्यांकडे आम्ही कुणाला पाठवत नाही. उलटतपासणीत असा दाखला टिकत नाही आणि खऱ्या दुखापतीवरही संशय येतो.

दाखल्याची घाईही करू नका. शस्त्रक्रिया किंवा फिजिओथेरपी चालू असताना टक्केवारी स्थिर नसते. त्या काळात तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के रक्कम मागता येते, उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मागता येतो. मात्र अर्ज अपघातापासून २ वर्षांच्या आत व्हायला हवा. ‘पूर्ण बरं वाटलं की येतो’ म्हणणारे इथे अडकतात.

‘ही वयोमानाची झीज आहे’ असं मालकाकडून हमखास म्हटलं जातं. कामाच्या ताणाने जुनी झीज उफाळून आली तरी हक्क जात नाही. पण दवाखान्यातल्या पहिल्या केसपेपरवर ‘कामावर वजन उचलताना’ अशी नोंद हवी. ‘घरी पडल्याने’ असं लिहिलं गेलं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका.

ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) विमा असेल तर मालकाकडून भरपाई मागण्याचा हा मार्ग बंद आहे. तिथे वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं, अर्ज वेगळा असतो. त्या कागदांतही आम्ही मदत करतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या भरपाई कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. वर सांगितलेला ६० टक्के आणि गुणकाचा सांगाडा तिथेही तोच आहे, तरी अपघाताची तारीख आधी सांगा. कागद कोणत्या कायद्याखाली करायचे ते त्यावर ठरतं.

पहिल्या भेटीला पहिला केसपेपर, एमआरआयची फिल्म आणि अहवाल दोन्ही, डिस्चार्ज कार्ड, अपघाताआधीच्या पगाराचा पुरावा (पावती नसेल तर बँकेचं पासबुक), जन्मतारखेचा दाखला आणि औषधांची मूळ बिलं आणा. अपंगत्वाचा दाखला अजून काढला नसेल तर तसेच या. तक्ता आधी होईल, दाखला एकदाच काढावा लागेल. तक्ता आणि कागद तपासण्याची फी ठरावीक आहे. मिळणाऱ्या भरपाईत आम्ही हिस्सा घेत नाही.