ठिसूळ मणक्यातील स्क्रूची पकड : पार्श्वभूमी

सोलापुरात हाडांच्या डॉक्टरांकडे पाठीचे दुखणे घेऊन येणाऱ्या वयस्क स्त्रियांत शहरातल्या विडी कामगार असतात, तशा अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या शेतमजूरही असतात, आणि ‘मणक्यात गॅप पडलाय’ हे त्यांचे ठरलेले वाक्य असते. त्यांतील काहींचे मणके स्क्रू आणि सळ्यांनी जखडावे लागतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती बारीक काळी कड दिसू लागली, तर धातू शाबूत असूनही हाडाने त्याला सोडले आहे, असे समजावे.

मणके तारेने बांधण्याचा प्रयत्न अमेरिकेत हाड्रा यांनी १८९१ मध्ये केला. १९११ मध्ये हिब्स आणि अल्बी यांनी धातूशिवाय, हाडाला हाड सांधून मणके जुळवले. १९४४ मध्ये किंग यांनी मणक्यांच्या मागच्या सांध्यांत आखूड स्क्रू बसवले. खरे वळण आले ते फ्रान्समध्ये. रॉय-कामिल यांनी १९६३ पासून पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या पुढच्या भागाला मागच्या कमानीशी जोडणाऱ्या आखूड खांबातून, स्क्रू घालण्यास सुरुवात केली. या खांबाचे कवच टणक असल्याने स्क्रूच्या पकडीचा मोठा वाटा तेथूनच मिळतो.

मात्र आरंभीच्या काळात ही पद्धत प्रामुख्याने अपघाताने मोडलेल्या किंवा वाकड्या झालेल्या मणक्यांसाठी वापरली गेली, आणि तेथे हाड बहुधा तरुण व घट्ट असे. वयस्कांवर तिचा वापर वाढला, तेव्हा अडचण उघडी पडली. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडे ठिसूळ करणाऱ्या आजारात, मणक्याच्या आतली हाडाची जाळी विरळ होते. रुग्ण वाकला-उठला की स्क्रूचे टोक त्या जाळीत किंचित वर-खाली हलते आणि भोक रुंदावत जाते. मातीच्या भिंतीतली खुंटी एकदम उपटून येत नाही, रोजच्या वजनाने हलून हलून सैल होते, तसेच हे आहे. अशा भिंतीत गवंडी जे करतो, तेच पुढे शल्यचिकित्सकांनी केले : भोकात मसाला भरला.

तो मसाला म्हणजे हाडांचे सिमेंट. चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते खुब्याच्या सांध्यात रूढ केले होते, आणि १९८४ मध्ये फ्रान्समधील गालिबेर व डेरामों यांनी ते सुईने थेट मणक्यात भरले. पुढे पोकळ, टोकाजवळ छिद्रे असलेले स्क्रू आले. त्यांतून सिमेंट आत सोडता येते. पकड वाढते हे खरे, पण पातळ सिमेंट शिरांतून फुप्फुसापर्यंत किंवा मज्जारज्जूच्या नळीत जाऊ शकते, आणि असा स्क्रू पुढे काढायची वेळ आली, तर ते काम जिकिरीचे ठरते. म्हणूनच जाड व लांब स्क्रू, आटे पाडताना भोक मुद्दाम लहान ठेवणे, किंवा २००९ मध्ये सँटोनी व सहकाऱ्यांनी मांडलेला, कठीण कवचाला धरून जाणारा तिरका मार्ग, हे उपायही वापरात राहिले.

या साऱ्यात हाडाची मोजणी मागे राहिली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त हे सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याच १९९४ ची आहे. शिवाय झिजलेल्या कमरेत मणक्यांच्या कडांना वाढलेले हाड डेक्सा या घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत घनता फुगवून दाखवते, त्यामुळे स्क्रू ज्या जाळीत बसायचा तिची खरी स्थिती झाकली जाते. औषधांची जोड तर अलीकडची. हाड घडवणारे टेरिपॅराटाइड अमेरिकेत २००२ मध्ये मान्य झाले, आणि जपानमधील ओहतोरी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत त्याने स्क्रू सैल होण्याचे प्रमाण घटल्याचे नोंदवले. पण हे इंजेक्शन रोज, कित्येक महिने घ्यावे लागते, आणि मजुरीवर जगणाऱ्या घराला ते परवडेलच असे नाही. त्या मानाने सीटी स्कॅनवर मणक्याच्या जाळीची घनता हाउन्सफील्ड एककांत मोजता येते. शस्त्रक्रियेसाठी स्कॅन काढलेलाच असेल, तर तो आकडा त्याच फिल्ममागच्या संगणकात पडून असतो आणि त्यासाठी रुग्णाला वेगळा पैसा मोजावा लागत नाही.